एकोणचाळिसाव्या वर्षी दिवस राहिले: कोणती तपासणी, कधी आणि कोणाच्या मर्जीने?

पत्र: माझं वय ३९ पूर्ण आहे. मुलगी तेरा वर्षांची. मध्ये एकदा आठव्या आठवड्यात गर्भ पडला होता. आता कुठलेही उपचार न घेता पुन्हा दिवस राहिलेत, पाळीच्या तारखेनुसार साडेदहा आठवडे झालेत. आमच्या डॉक्टरांनी डबल मार्कर ही रक्ताची तपासणी लिहून दिली आणि 'मोठी सोनोग्राफी पाचव्या महिन्यात करू' म्हणाल्या. लॅबमधून फोन आला की तुमच्या वयात एनआयपीटीच (आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं बघणारी तपासणी) करा, मग बाकी कशाची गरज नाही. मिस्टर म्हणतात, थेट पोटातलं पाणी काढून तपासू, एकदाच काय ते कळेल. सासूबाईंना यातलं काहीच नको; देवाने या वयात दिलंय तर शंका कशाला घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. मला पोटात सुई घालायची भीती वाटते आणि न तपासण्याचीही. काय करू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई, बाकीचं ठरायला थोडे दिवस लागले तरी चालेल, पण एक काम आजच करा. अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीची, म्हणजे एनटी स्कॅनची वेळ घ्या. ती ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होते. बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असते, तेवढ्याच काळात मानेमागच्या पाण्याचं माप (एनटी) ग्राह्य धरतात. त्यानंतर हे माप घेऊन उपयोग नाही. तुमच्याकडे जेमतेम तीन आठवडे आहेत आणि बारावा-तेरावा आठवडा सगळ्यात सोयीचा. 'तिसरा महिना संपला की जाऊ' असं महिन्यांच्या हिशेबाने ठरवलं की ही तपासणी हमखास हुकते, म्हणून इथून पुढे सगळा हिशेब आठवडे आणि दिवसांतच ठेवा.

ही सोनोग्राफी पाचव्या महिन्यावर ढकलू नका. तुमच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा: 'एनटी स्कॅनची चिठ्ठी द्याल का?' पुढची कुठलीही तपासणी करायची नाही असं तुम्ही ठरवलंत, तरी हा स्कॅन कराच, कारण त्यात फक्त डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने मुलाची वाढ मागे पडणारा दोष) बघत नाहीत. गर्भ नेमका किती आठवड्यांचा, एक की जुळं, कवटी नीट तयार झालीय का, पोटाची भिंत बंद झालीय का, हातपाय, मूत्राशय हे सगळं या वेळी दिसतं. कवटीच तयार झाली नसेल, तर तो दोष रक्ताच्या गुणसूत्र तपासणीत दिसत नाही, पण बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दिसतो. म्हणून 'एनआयपीटी केली की बाकी कशाची गरज नाही' हे लॅबचं सांगणं चुकीचं आहे, ते मनावर घेऊ नका.

मानेमागच्या पाण्याचं माप दशांश मिलिमीटरमध्ये घेतात. बाळाची मान थोडी जरी वर उचललेली किंवा खाली वाकलेली असली तरी आकडा चुकतो. म्हणून डॉक्टर कधी तुम्हाला कुशीवर व्हायला सांगतात, कधी अर्धा तास फिरून यायला. त्याने घाबरू नका, उलट दोन मिनिटांत स्कॅन उरकला तर शंका घ्या. माप ३.५ मिलिमीटर किंवा जास्त निघालं तर मग रक्ताच्या चाळणी तपासण्यांत वेळ घालवू नये. तिथून सरळ निदानाच्या तपासणीचा आणि पुढे बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीचा विचार करायचा, कारण जाड एनटी गुणसूत्रांखेरीज हृदयाच्या दोषामुळेही असते.

आता वयाचा आकडा. ३९ व्या वर्षी जन्मणाऱ्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता साधारण १३० मध्ये १. बाराव्या आठवड्यात ती ९० मध्ये १ च्या आसपास असते, कारण असे बरेच गर्भ पुढे आपोआप पडतात. पंचविशीत हाच आकडा हजारामागे एक-सव्वा असतो. म्हणजे तुमच्या डॉक्टरांची काळजी योग्य आहे, आणि दुसरीकडे ९० मधल्या ८९ जणींना हा प्रश्नच नसतो, हेही तितकंच खरं. (कोणी दात्या स्त्रीचं बीज घेऊन गरोदर राहिली असेल तर हिशेबात दात्या स्त्रीचं वय धरतात. फॉर्मवर हे लिहायचं राहिलं की रिपोर्ट विनाकारण घाबरवतो.)

डबल मार्करबद्दल. रक्तातले दोन पदार्थ, पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी, तुमचं वय आणि एनटीचं माप एकत्र गणितात घातलं की डाउन सिंड्रोमची शंभरातली ८५ ते ९० बाळं ओळखू येतात. पण बऱ्याच ठिकाणी एनटी न करताच रक्त पाठवतात आणि त्यालाच डबल मार्कर म्हणतात. मग पकड साठ-पासष्टपर्यंत घसरते. तुमची चिठ्ठी बहुधा अशीच आहे, कारण तुमच्या पत्रात स्कॅनचा उल्लेख नाही. रक्त द्याल तर सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊनच द्या.

रक्त देताना लॅबच्या फॉर्मवर नजर ठेवा. जन्मतारीख आधार कार्डावरची आणि खरी वेगळी असेल तर खरी सांगा. वजन त्याच दिवशी काट्यावर उभं राहून करून घ्या, 'सत्तर असेल' असं अंदाजाने लिहू देऊ नका. वजन जास्त असेल तर हे पदार्थ रक्तात पातळ होतात आणि लॅबचं सॉफ्टवेअर वजनावरून ते दुरुस्त करतं. वजन चुकलं की दुरुस्तीही चुकते. सोनोग्राफीची तारीख आणि बाळाची लांबी, मधुमेह, तंबाखू किंवा मिश्रीची सवय, जुळं असेल तर तेही लिहिलं गेलंय का बघा. रिपोर्टमध्ये '१:१८०' असं काही येईल. याचा अर्थ, असा रिपोर्ट आलेल्या १८० बायकांत एकीच्या बाळाला दोष असतो. बहुतेक लॅब १:२५० ला रेषा मारतात आणि त्यापेक्षा जास्त धोका असला की लाल अक्षरात 'हाय रिस्क' छापतात. ते निदान नसतं. तुमच्या वयात तर गणिताची सुरुवातच ९० मध्ये १ पासून होते, म्हणून अगदी निरोगी बाळ असूनही लाल रिपोर्ट येण्याचं प्रमाण तरुण बायकांपेक्षा पुष्कळ जास्त असतं. तो लाल शब्द बघून रात्रभर रडणाऱ्या बायका खूप आहेत, त्यातल्या बहुतेकींची बाळं ठणठणीत निघतात.

एनआयपीटी वेगळी. वारेतून सुटलेले डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात, ते मोजतात. दहा आठवड्यांनंतर केव्हाही होते, दंडातून रक्त घेतात, बाळाला कसलाही धोका नाही, रिपोर्ट साधारण एक ते दोन आठवड्यांत येतो. खर्च लॅबनुसार दहा ते पंचवीस हजार. डाउन सिंड्रोमसाठी ती शंभरातली ९९ बाळं पकडते. तुमच्या वयाच्या ९००० गरोदर बायका बाराव्या आठवड्यात घेतल्या तर त्यात सुमारे १०० बाळांना डाउन सिंड्रोम असेल. एनआयपीटी त्यातली ९९ ओळखेल, एक सुटेल, आणि ९ निरोगी बाळांना चुकून 'पॉझिटिव्ह' म्हणेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दर बारा रिपोर्टांत एक खोटा. पंचविशीतल्या बायकांत हाच हिशेब केला तर जवळजवळ निम्मे पॉझिटिव्ह खोटे निघतात. ट्रायसोमी १८ आणि १३ साठी, म्हणजे अठरावं किंवा तेरावं गुणसूत्र जास्तीचं असण्याच्या दोषांसाठी, तुमच्या वयातही खोट्याचं प्रमाण याहून जास्त असतं. कारण साधं आहे: तुकडे वारेचे असतात, आणि कधीकधी दोष फक्त वारेत असतो, बाळात नसतो. जुळ्यातला एक गर्भ सुरुवातीलाच विरून गेला असेल तरी गफलत होते, आणि ते एनटी स्कॅनमध्ये कळू शकतं. म्हणूनही स्कॅन आधी, रक्त नंतर.

या रिपोर्टवर भरवसा ठेवून गर्भपात कधीही करू नये. हे वाक्य कोणीही पुसलं तरी पुसू देऊ नका. पॉझिटिव्ह आली तर सुईच्या तपासणीने खात्री करायची, मगच पुढचं बोलायचं. आणि 'रिझल्ट नाही' असा रिपोर्ट आला तर, म्हणजे बाळाच्या डीएनएचा हिस्सा फार कमी पडला तर, पुन्हा रक्त द्यावं लागतं. वजन जास्त असलेल्या बायकांत हे जास्त घडतं. त्यात दोन आठवडे जातात, ते हिशेबात धरा.

आता मिस्टरांचा मुद्दा. ते चुकीचं बोलत नाहीत. गर्भजलाची तपासणी म्हणजे ॲम्निओसेंटेसिस हे निदान आहे, अंदाज नाही. ती १५ आठवडे पूर्ण झाल्यावर, बहुतेक ठिकाणी सोळा-सतराव्या आठवड्यात करतात. पडद्यावर सुईचं टोक दिसत असतं. बाळापासून लांबचा पाण्याचा कप्पा निवडून बारीक सुई आत घालतात आणि १५ ते २० मिलिलिटर पाणी काढतात. पहिले एक-दोन मिलिलिटर वेगळे ठेवतात, त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात म्हणून. प्रत्यक्ष सुई आत असते ती मिनिट-दोन मिनिटं. बहुतेक बायका 'इंजेक्शनपेक्षा दाब जास्त वाटला, दुखलं कमी' असं सांगतात. त्या दिवशी आराम, एक-दोन दिवस बादल्या-घागरी उचलायच्या नाहीत. आठवडाभर पलंगावर पडून राहायची गरज नसते. पाणी जाणं, रक्त जाणं, ताप किंवा थांबून-थांबून कळा, यातलं काही झालं तर लगेच दवाखाना. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि मिस्टरांचा पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. हे विसरलेलं आढळतं, तुम्ही स्वतः आठवण करा.

सुईमुळे गर्भ पडण्याचा जास्तीचा धोका सवय असलेल्या हातात अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी, म्हणजे २०० मध्ये एकाहून कमी आहे. तुमच्या मनात बसलेली भीती बहुधा याच्या दसपट मोठी असेल. आठव्या आठवड्यात गर्भ पडला होता त्याचा याच्याशी संबंध नाही. इतक्या लवकर पडलेल्या गर्भांत बहुतेक वेळा गुणसूत्रांचीच गडबड असते. अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊनही तपासता येतं, त्याला सीव्हीएस म्हणतात. ते करणारे डॉक्टर मोजके असतात, पण उत्तर महिनाभर आधी मिळतं.

मग तुम्ही काय करावं? आधी नवरा-बायकोने बसून एकच गोष्ट स्पष्ट करा: दोष निघाला तर आपण काय करणार? उत्तर तिघा बायकांचं तीन तऱ्हेचं असू शकतं आणि तिन्ही बरोबर असतात. एखादी म्हणेल, मला खात्रीने कळायलाच हवं, दोष असेल तर मी हा गर्भ ठेवणार नाही. दुसरी म्हणेल, मी ठेवणारच, पण आधी कळलं तर तयारी करीन. तिसरी म्हणेल, मला कळायलाच नको. तिसरीने एनटी स्कॅन आणि अठरा ते वीस आठवड्यांचा अॅनॉमली स्कॅन (बाळाचे अवयव बघणारी मोठी सोनोग्राफी) करावा आणि तिथे थांबावं. तो बेजबाबदारपणा नाही. दुसरीने सुईचा धोका घ्यायचं कारण नाही, एनआयपीटी पुरते. पॉझिटिव्ह आली तर बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी बाविसाव्या-चोविसाव्या आठवड्यात करून घ्यावी आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी बाळंतपण ठरवावं, कारण डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो.

तुमच्या पत्रावरून तुम्ही पहिलीच्या आणि दुसरीच्या मध्ये उभ्या आहात असं वाटतं. तसं असेल तर आमचा सल्ला असा: बाराव्या आठवड्यात चांगला एनटी स्कॅन, तो नीट निघाला तर त्याच दिवशी एनआयपीटी. या वयात डबल मार्कर बऱ्याचदा लाल येते आणि मग एनआयपीटीचा खर्च होतोच. खर्च एकदाच करायचा असेल तर थेट तीच बरी. पैशाची ओढाताण असेल तर एनटी आणि डबल मार्कर एकत्र करा. आकडा १:१००० च्या पलीकडे निघाला तर थांबा, १:५० ते १:१००० मध्ये असेल तर एनआयपीटी, आणि १:५० पेक्षाही मोठा धोका निघाला तर मधली पायरी न घेता गर्भजल तपासणी. स्कॅनमध्येच काही वावगं दिसलं, किंवा शंभर टक्के खात्रीशिवाय तुम्हाला झोप लागणार नसेल, तर मिस्टरांचं ऐका. पस्तिशीच्या पुढच्या स्त्रीला थेट निदानाची तपासणी करून घेण्याची मुभा पीसीपीएनडीटी कायद्यातच (गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यातच) आहे.

घाई कशासाठी, तर कॅलेंडरसाठी. बाराव्या आठवड्यात रक्त दिलं, चौदाव्यात रिपोर्ट आला, सोळाव्यात पाणी काढलं, तर तीन-चार दिवसांत झटपट रिपोर्ट (क्यूएफ-पीसीआर किंवा फिश) आणि दोन-तीन आठवड्यांत पूर्ण कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांचा रिपोर्ट), म्हणजे एकोणिसाव्या आठवड्यापर्यंत सगळं हातात. तेच अठराव्या आठवड्यात क्वाड्रुपल मार्करने (रक्तातल्या चार पदार्थांच्या तपासणीने) सुरुवात केली की रिपोर्ट, सुई आणि पुन्हा रिपोर्ट यात बावीस-तेवीस आठवडे उजाडतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताचा कायदा असा आहे: वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि चोवीसनंतर गर्भात गंभीर दोष असेल तरच, सरकारी वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावर. सज्ञान बाईच्या बाबतीत संमती फक्त तिचीच लागते, नवऱ्याची किंवा सासरची नाही. सुईच्या तपासणीसाठीही तुमची लेखी संमती, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, घ्यावी लागते. म्हणजे फॉर्म मराठीत मागा, वाचा, मग सही करा. आणि कुठल्याही तपासणीत मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, कोणी सांगायला तयार झालं तर त्या जागेवरून उठून या. तो गुन्हा आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एवढं सांगा की स्कॅनमध्ये बाळ बघायचंय, आणि आठवड्यांची गणना नीट करून घ्यायचीय. बाकी निर्णय तुमच्या दोघांचा. त्यांच्या बोलण्यात एक तथ्य आहे ते मात्र घ्या: डाउन सिंड्रोम असलेलं मूल म्हणजे शोकच, असं समजू नये. अशी मुलं उशिरा बसतात, उशिरा बोलतात, शिकायला त्यांना जास्त वेळ लागतो, थायरॉइड आणि हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. पण हृदयावर वेळेत उपचार झाले तर बरीच जण पन्नाशी-साठीपर्यंत जगतात. जिल्हा रुग्णालयांतली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं या मुलांना लहानपणापासून थेरपी देतात, आणि राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य कवच मिळतं. ट्रायसोमी १८ आणि १३ ची गोष्ट फार वेगळी, त्यातली बहुतेक बाळं पहिल्या वर्षाच्या आतच जातात. दोन्हींचा निर्णय एकाच तराजूत घालू नका. पॉझिटिव्ह आल्यास जेनेटिक काउन्सेलरला (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला) भेटा आणि शक्य झालं तर असं मूल वाढवणाऱ्या एखाद्या कुटुंबाशी बोला, मगच ठरवा.

दोन गोष्टी या सगळ्या धावपळीत राहून जातात. एक, या तपासण्यांत थॅलेसेमिया कळत नाही आणि सिकल सेलही नाही (हे रक्ताचे आनुवंशिक आजार), आणि त्यांचा वयाशी संबंध नाही. तुमचं आणि मिस्टरांचं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी एचपीएलसी तपासणी आत्ताच करून घ्या. दोघंही वाहक निघालात तर सुईच्या तपासणीचं कारणच बदलेल. मामाच्या मुलाशी लग्न असेल, किंवा घरात लहानपणी गेलेलं, मतिमंद किंवा कर्णबधिर मूल असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. अशा आजारांना एनआयपीटी स्पर्शही करत नाही. दुसरी, तुमच्या वयात बाळाच्या गुणसूत्रांइतकीच काळजी तुमच्या रक्तदाबाची आणि साखरेची करायची असते. बाराव्या आठवड्यालाच रक्तदाब मोजून, शक्य असेल तर गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचं डॉप्लर करून पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका ठरवतात. धोका जास्त निघाला तर सोळाव्या आठवड्याच्या आत रात्री घ्यायची कमी मात्रेची ॲस्पिरिन डॉक्टर सुरू करतात. ती उशिरा सुरू केली की फायदा कमी होतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर पहिल्याच फेरीत तपासून घ्या, नॉर्मल आली तरी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा.

फीटल मेडिसिनचे, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या तपासण्यांचे तज्ज्ञ डॉक्टर तुमच्या तालुक्यात नसतील तर मिरज, कोल्हापूर किंवा पुण्यात चौकशी करा. वेळ घेताना फोनवर शेवटच्या पाळीची तारीख सांगा आणि विचारा: एनटी आणि नाकाचं हाड दोन्ही बघता का, एनआयपीटीचं रक्त त्याच दिवशी घेता का, लागलं तर ॲम्निओ तिथेच होतं का. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र, आधीची एखादी सोनोग्राफी झाली असेल तर तिचा रिपोर्ट आणि दोघांचे रक्तगट बरोबर ठेवा.